नापास पाव

त्या बेकरीत पावाची परीक्षा कानाने होत असे. भट्टीतून ट्रे बाहेर आला की मधल्या साच्यातला एक पाव काढायचा, उलटा हातावर घ्यायचा आणि वाकवलेल्या बोटांनी त्याच्या बुडावर टकटक करायची, शेजाऱ्याच्या दारावर करतो तशी. आतून मोकळा, पोकळ आवाज आला तर पाव भाजला. बद्द आवाज आला तर आत गिच्चगोळा. मग वरून रंग कितीही देखणा असो, सगळा ट्रे नापास. हे ठरवणारं माणूस एकच आणि त्याच्या अंगात पांढरा कोट. बाकी भट्टीवाले, पीठ मळणारे मळणीवाले, पॅकिंगच्या बायका, सगळ्यांच्या अंगात निळे डगले.

कित्येक वर्षं तो पांढरा कोट मिस्त्रींच्या अंगावर होता. पण पीठ मळायच्या यंत्राच्या घरघरीशेजारी जन्म काढल्यावर कानांचं व्हायचं तेच झालं. आधी उजवा गेला. मग मिस्त्री मान वाकडी करून प्रत्येक पावाला डावा कान लावायला लागले, पाव त्यांना काही गुपित सांगणार असल्यासारखा. पुढे डावाही कुरकुरायला लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच मालकांना सांगून टाकलं की आता दुसरा कान शोधा.

सगळ्यांना वाटलं, कोट बाळला मिळणार. बाळलाही तसंच वाटलं.

बाळ म्हणजे पॅकिंगमधल्या ताईचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेली, मिशीत पांढरे केस डोकवायला लागलेले, पण आई अजून बाळच म्हणायची. ताईने त्याच्या कामाच्या पहिल्याच दिवशी भट्टीसमोर सगळ्यांदेखत त्याला याच नावाने हाक मारली आणि मग बेकरीतही तो कायमचा बाळ झाला. भट्टीवाल्यांत तोच सगळ्यांत जुना. त्याची बायको मळणीत. स्वभाव म्हणाल तर लोण्यासारखा. मालक दिसले की कमरेत वाकणार, मिस्त्रींचा डबा धुऊन आणून देणार, कोणी चढ्या आवाजात बोललं तर हसून मान डोलावणार. तुझा भाऊ म्हणजे अगदी गाय आहे, असं पॅकिंगच्या बायका ताईला म्हणायच्या. ताईला ते ऐकून बरं वाटायचं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका खोलीत एकटी राहायची. मिरवायला म्हणून तिच्याजवळ हा एक भाऊच होता.

मिस्त्रींनी मात्र कोणाचा वशिला चालू दिला नाही. एका दुपारी काम आटोपल्यावर त्यांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पाठीमागे एकेक पाव वाजवत गेले. भाजलाय की कच्चा, ते सांगायचं, मग पाव कापून बघायचा. बाळ बरेचदा चुकला आणि दर वेळी चुकून हसला. त्याची बायको एकदाही चुकली नाही. एका पावाला तर ती म्हणाली की एका अंगाला कच्चा आहे, दुसऱ्या अंगाला झालाय. मिस्त्रींनी सुरी घातली तर तसाच निघाला. कोट तिला गेला. बाळने त्याच दिवशी सगळ्यांना पदरचे पैसे घालून चहा पाजला आणि म्हणाला, "आता आमच्या घरात साहेब आले बुवा." लोक हसले. बाळ सगळ्यांत मोठ्याने हसला.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर बायकोला मॅडम म्हणायला लागला. मॅडम, बघा हो आमचा ट्रे. मॅडम, जमलंय का गरिबाला. हळूहळू सगळी बेकरीच तिला मॅडम म्हणायला लागली. भावजय मुळातच कमी बोलणारी. ती टेबलापाशी उभी राहायची, पाव उलटा करायची, टकटक करायची आणि 'पास' किंवा 'नापास' एवढंच म्हणायची. तिचं टेबल आणि ताईचं पॅकिंगचं टेबल समोरासमोर होतं. नणंद-भावजयी दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडे बघत काम करायच्या. ताईला तर मनातून कौतुकच वाटायचं, घरात पांढरा कोट आला म्हणून.

नापास ट्रेचा बेकरीत एक नियम होता. ज्याचा ट्रे, त्याने तो आपल्या हाताने उचलून, सगळ्यांच्या मधून चालत जाऊन, मागच्या दाराशी ठेवलेल्या गुरांच्या खाद्याच्या पिंपात ओतायचा. त्यातला एखादा पाव घरी न्यायचा असेल तर न्यावा. सहसा कोणी नेत नसे. कच्चा पाव बोटाला चिकटतो, टाळूला चिकटतो, पोटात दगड होऊन बसतो. पण बाळ न्यायचा. त्याला मुळात घाई, दुसऱ्यांच्या आधी आपला ट्रे बाहेर काढायची. त्यामुळे त्याचे ट्रे इतरांपेक्षा जास्त नापास व्हायचे. तो हसत हसत पिंपापर्यंत जायचा, एक पाव बाजूला काढायचा, ताईच्या टेबलावर आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "बांध गं ताई. घरी मॅडमना देतो."

ताई बांधून द्यायची. कागद दोन्हीकडून वळवून कोपरा आत खोचायची तिची एक घडी होती. दोरा नको, चिकटपट्टी नको, पण पुडी सुटायची बिशाद नाही. शेजारच्या बाईला ती म्हणायची की दुसरा असता तर बायकोसमोर ट्रे आपटला असता, आमचा बाळ बघ, नापास झालेला पाव गोड मानून घरी नेतो, भाजून खातात दोघं. ती बाई हुं म्हणायची.

मग भावजयीच्या उजव्या हाताची बोटं सुजली. पाव वाजवायची नेमकी ती बोटं, सांध्यांवर काळीनिळी. कपाटाच्या खणात सापडली म्हणाली. ती डाव्या हाताने टकटक करायला लागली. ताईने तिला मलम आणून दिलं आणि कपाट दुरुस्त करून घ्यायला बाळला सांगितलं. बाळ म्हणाला, "घेतो ना, आजच घेतो." बोटं बरी झाली, पुन्हा सुजली. कपाट काही दुरुस्त झालं नव्हतं वाटतं.

एका सकाळी ताईने कागद कापता कापता मान वर केली, तर भावजय पावावर वाकली होती आणि तिने मान वाकडी करून डावा कान पावाला लावला होता. हुबेहूब मिस्त्री. ताईला आधी हसूच आलं. वाटलं, बरी नक्कल करते. पुढचा ट्रे आला, पुन्हा तशीच मान. त्याच्या पुढचा आला, पुन्हा तशीच. ताईच्या तोंडावरचं हसू विरलं. मिस्त्रींना तिने जवळून पाहिलं होतं. माणूस अशी मान कधी वळवतो, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मिस्त्रींचा उजवा कान जायला सबंध जन्म लागला. हिला कोट मिळून अजून वर्षही झालं नव्हतं.

चहाच्या सुट्टीत तिने विचारलं, तर भावजय म्हणाली सर्दी झालीये. असं म्हणताना तिने ताईकडे पाहिलं नाही. ताई काही दुधखुळी नव्हती. खण, सुजलेली बोटं, सर्दी, सगळं तिच्या डोक्यात एका क्षणात जुळलं. आणि ते जुळल्यावर तिने जे केलं ते असल्या घरांत नेहमीच करतात. जो ऐकत नाही त्याला कोण सांगणार? जी ऐकून घेते तिलाच सांगायचं. ती भावजयीला म्हणाली की बाई गं, त्याचे ट्रे पास करत जा. एखादा पाव कच्चा गेला तर जग बुडत नाही. तुझं डोकं शांत, त्याचंही शांत. भावजयीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाळचा पहिलाच ट्रे कच्चा निघाला. ताईला तो आवाज आपल्या टेबलापर्यंत ऐकू आला, ओल्या मातीवर थाप मारावी तसा बद्द. भावजय म्हणाली, "पास." ताईने ते पाव स्वतः बांधले. हातात घेतले की मध्ये खचत होते. बाळ टेबलाशी आला. त्याच्या तोंडावर आनंद आहे की काय, ते ताईला नीट कळलं नाही. तो म्हणाला, "आज पास झालाय तरी एक दे. साजरा करू घरी." ताईने एक पाव कागदात घातला, दोन्हीकडून वळवला, कोपरा आत खोचला. मनात म्हणाली, सुटले.

त्यानंतर भावजय कामावरच आली नाही. बाळ म्हणाला, ताप आहे. मिस्त्री कुरकुरत पुन्हा टेबलाशी उभे राहिले. सुट्टीच्या दिवशी दुपारी ताई न सांगता भावाच्या घरी गेली.

बाहेरच्या खोलीत आई टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीचा आवाज एवढा मोठा की जिन्यातूनच ऐकू येत होता. आईचे कान चांगले होते. या वयातही तिला शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू जायची. ताईला पाहून ती गडबडली, बस म्हणाली, इथेच बस, ते दोघं आत जेवतायत, आत कशाला जातेस. असं म्हणताना तिने रिमोट उचलून आवाज आणखी वाढवला. ताई आत गेली.

स्वयंपाकघर लख्ख होतं. ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली. बाळ टेबलाशी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. तो चिडलेला नव्हता, प्यायलेला नव्हता. समोर भावजय बसली होती. तिच्या ताटलीत तो पास झालेला पाव होता. अर्धाअधिक संपला होता. उरलेल्याच्या कडेला हिरवट बुरशी धरली होती आणि आंबूस वास सगळ्या खोलीत भरला होता. भावजयीचा गाल फुगलेला होता. घास तोंडात होता, चावून होत नव्हता, गिळवत नव्हता. बाळ एका हाताच्या वाकवलेल्या बोटांनी टेबलावर हळूहळू टकटक करत होता.

"ये ताई," तो म्हणाला आणि उठून त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बघ, मॅडमनी स्वतः पास केलेला पाव आहे. म्हणजे चांगलाच असणार. मॅडम, घास जरा मोठा घ्या."

ताईने विचारलं की हे काय चाललंय. बाळने हसून सांगितलं की गंमत आहे, घरात माणसाने गंमतही करायची नाही का. मी हातसुद्धा लावलेला नाही, विचार हवं तर, फक्त हिला एवढंच म्हणतो की जे तू नापास करतेस ते तूच खा. आणि आता पास करतेस तर तेही खा. मला भीक घालतेस ना, तर चव बघ भिकेची. तुला चहा टाकू का, असंही त्याने त्याच दमात ताईला विचारलं.

ताटलीशेजारी कागद पडला होता. दोन्हीकडून वळवलेला, कोपरा आत खोचलेला. ताईने तो ओळखला. ओट्याखालच्या टोपलीत तसेच आणखी कागद होते, नीट एकावर एक रचून ठेवलेले. आईला कागद जपून ठेवायची सवय होती. म्हणजे दर वेळी. प्रत्येक नापास पाव. आणि प्रत्येक पुडी ताईने आपल्या या हातांनी बांधून दिली होती, शेजारणीला भावाचे गोडवे सांगत. शिसारी म्हणजे काय ते तिला त्या क्षणी अंगभर कळलं. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची, ओढून दिलेल्या खुर्चीची, त्या गोड आवाजाची आणि स्वतःच्या बोटांचीसुद्धा.

"थुंक ते," ती भावजयीला म्हणाली. "चल माझ्याकडे."

भावजयीने मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. दारामागच्या पिशवीतून, बटाट्यांच्या खालून, तिने आपला पांढरा कोट काढला. तो घरात दिसू नये म्हणून ती रोज रस्त्यातच काढायची. बाळ बाजूला सरकून उभा राहिला, वाट दिली. थोरल्या बहिणीला अडवणाऱ्यांतला तो नव्हताच. बाहेरच्या खोलीतून दोघी निघाल्या, तेव्हा कुठे आईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं की आता लोकांना काय सांगायचं.

ताईच्या खोलीत भावजयीने हळूहळू सगळं सांगितलं. रडली नाही. कोट मिळाला त्याच आठवड्यात सुरू झालं. आधी नुसता पाव, मग बोटं, मग कान. कानावर मारताना तो नीट बेत करून मारायचा, उघड्या तळव्याने, म्हणजे वर काही दिसत नाही. म्हणायचा, बघू आता काय ऐकू येतं. आणि मारून झालं की हात धुऊन आईसोबत जेवायला बसायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई आणि बाळ दोघं आले. बाळ खाली बसला आणि ताईचे दोन्ही हात धरून रडला. मोठमोठे अश्रू, नाकातून पाणी, सगळं ताईच्या मनगटावर. म्हणत होता, सगळे मला हसतात, बायको मला मागच्या दाराशी ट्रे घेऊन पाठवते आणि सगळे बघतात. ताई आठवून बघत होती. तिथे कोणी हसलेलं तिला आठवेना. हसत तो एकटाच असायचा. तिने आपले हात सोडवून घेतले आणि पदराला पुसले. तिला वाटलं, याच्या रडण्यापेक्षा मारणं बरं, त्यात निदान नाकाचं पाणी नसतं. आणि असं वाटल्याचीही तिला किळस आली.

आईने मग तोडगा काढला. ती म्हणाली की भावजयीने आपणहून मिस्त्रींना सांगावं, कान दुखतो, मला जमत नाही, कोट ह्यांना द्या. ती पुन्हा मळणीत गेली की झालं. पुरुषाला त्याचा मान मिळाला की तो कशाला हात उचलेल? एवढ्या एका कापडासाठी संसार मोडायचा का? आणि ताईकडे वळून तिने तंबी दिली, "बेकरीत चार लोकांत भावाचं नाव घेतलंस तर मला तोंड दाखवू नकोस."

बाळने मान डोलावली. कोट मिळाला तर तो हात उचलणार नाही, असं त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं. ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की म्हणजे कधी उचलायचा आणि कधी नाही हे याला चांगलं ठाऊक आहे.

ते गेल्यावर ताई म्हणाली, खोटं बोलतो, थांबणार नाही. भावजय खाटेच्या कडेवर बसून कोटाची बटणं उघडत होती आणि लावत होती.

"थांबतील हो ताई," ती म्हणाली. "कोट दिला की नक्की थांबतील. मळणीत होते तेव्हा बोट लावलं नाही कधी. मी त्यांच्याहून खाली असले की ते फार चांगले असतात." मग म्हणाली, "तेच तर घाण वाटतं."

तरी ती कोट द्यायला तयार झाली. दमली होती. म्हणाली, उजवा कान तर गेलाच आहे. मिस्त्रींना कधी ना कधी कळणारच. हाकललं जाण्यापेक्षा आपणच देऊन टाकावा. कुठल्या तोंडाने नको म्हणू? कच्चा पाव पास केलाच ना मी. पास कर म्हणून कोणी सांगितलं होतं, ते दोघींनाही माहीत होतं.

ती पुन्हा कामावर गेली, त्याच दिवशी मालक खाली उतरले. एका दुकानातून तक्रार आली होती, कच्चे पाव आले म्हणून. मालक काही वाईट माणूस नव्हते, पण तक्रारीचं त्यांना फार लागायचं. त्यांनी यंत्र बंद करायला लावलं. घरघर थांबली आणि बेकरीत कधी नसते अशी शांतता पसरली. मालकांनी विचारलं की ते पाव कोणी पास केले. भावजय म्हणाली, मी. ट्रे कोणाचा होता ते मात्र तिने सांगितलं नाही. बाळ भट्टीपाशी उभा होता, ताजी दाढी केलेला, हात पुढे बांधून, शाळेतल्या गुणी मुलासारखा.

मिस्त्रींनी एक पाव तिच्या हातात दिला, वाजव म्हणाले. तिने मान वाकडी केली, डावा कान खाली नेला आणि वाजवला. मिस्त्री तिच्याकडे टक लावून बघत राहिले. सगळ्यांनी ती मान आधीही पाहिली होती, पण ओळखणारा त्यांच्याशिवाय कोण असणार? बहिरी माणसं बोलतात तसं ते मोठ्याने म्हणाले, "अशी मान मी वळवतो. तुझा कान कशाने गेला?"

भावजयीने तोंड उघडलं, पण त्याआधी बाळच पुढे झाला आणि मालकांसमोर वाकून, आवाजात साखर पेरत म्हणाला, "मॅडमना सर्दीचा फार त्रास आहे, मालक. त्यांना विश्रांती हवीये. तोवर मी सांभाळतो की." भावजय खाली बघत होती. तिचा हात कोटाच्या वरच्या बटणावर गेला. तिने ते काढलं. मग दुसरं काढलं.

ताईला आईचं तोंड आठवलं, तंबी आठवली आणि ओट्याखालची कागदांची टोपली आठवली.

"सर्दी नाही," ती आपल्या टेबलामागून म्हणाली. "माझ्या भावाने मारलंय."

आवाज अगदीच बारीक निघाला होता. मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणालीस? मोठ्याने बोल."

एकदा बोलताना ताईचा जीव अर्धा झाला होता. आता परत बोलायचं, तेही ओरडून. बाळ तिच्याकडे बघून अगदी हलकेच मान हलवत होता, लहानपणी काही फोडलं की आईला सांगू नको म्हणून हलवायचा तशी. ताईने छाती भरून श्वास घेतला.

"माझ्या भावाने मारलंय तिला. कानावर. बोटांवर. पाव ऐकू येऊ नये म्हणून मारलंय. मळणीत होती तोवर मारलं नाही, कोट मिळाल्यावर मारलं. नापास झालेले पाव घरी नेऊन तिला खायला घालत होता. बुरशी आलेलेसुद्धा. मीच बांधून देत होते."

यंत्र बंद होतं. शेवटच्या कोपऱ्यातल्या पोऱ्यांपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. बाळ हसला. ताई मस्करी करते, मालक, असं तो म्हणाला, पण हसायला या वेळी कोणी सोबतीला आलं नाही.

सकाळचा त्याचाच एक नापास ट्रे अजून ओतायचा राहिला होता. ताईने त्यातला एक पाव उचलला, आपल्या टेबलावरचा कागद घेतला, दोन्हीकडून वळवला, कोपरा आत खोचला आणि ती पुडी त्याच्या हातात दिली. "खा," ती म्हणाली. "तिला घालायचास ना, तू खा."

तिला वाटलं होतं तो फेकून देईल. चिडेल, हात उगारेल, निदान एकदा तरी लोकांना त्याचं घरातलं तोंड दिसेल. बाळने आधी मालकांकडे पाहिलं. मालक हाताची घडी घालून उभे होते. मग बाळने पुडी सोडली, पाव मोडला आणि एक तुकडा तोंडात घातला. आतलं कच्चं पीठ त्याच्या मिशीला लागलं. त्याने चावलं, गिळलं, दुसरा तुकडा मोडला. एवढ्या लोकांत, बायकोसमोर, बहिणीसमोर बाळ तो गिच्चगोळा निमूट खात होता आणि प्रत्येक घासाला मालकांच्या तोंडाकडे बघत होता. मग मनगटाने मिशी पुसून त्याने अदबीने विचारलं, "सगळा खाऊ का, मालक?"

कोणीतरी तोंड फिरवलं. मिस्त्री जमिनीवर थुंकले. वरचा माणूस समोर उभा असला की याला राग येतच नव्हता, कधी आलाच नव्हता. ताईने याला जन्मभर गाय समजून मिरवलं होतं. ती मागच्या दाराशी गेली, गुरांच्या पिंपाला धरून उभी राहिली आणि पोटातलं सगळं तिने ओकून टाकलं.

ती तोंड धुऊन परत आली तेव्हा मालकांनी बाळकडून निळा डगला काढून घेतला होता. तो त्याने नीट घडी करूनच दिला असणार, कारण टेबलावर तो चौकोनी ठेवलेला होता. बाळ निघून गेला होता. ताईच्या पर्समध्ये फोन वाजत होता. कोणाचा ते बघायची तिला गरज नव्हती. तिने वाजू दिला.

भट्टीतला ट्रे आता बाहेर काढायलाच हवा होता, नाहीतर करपला असता. तो बाळनेच मघाशी लावलेला होता. दुसऱ्या एका भट्टीवाल्याने ओढून भावजयीच्या टेबलावर ठेवला आणि सगळे बघत राहिले. तिने कोटाची काढलेली दोन बटणं लावली. मधला पाव काढून उलटा केला, मान वळवली, वाजवला. शांततेत तो आवाज सगळ्यांनाच ऐकू गेला, मोकळा, पोकळ.

"पास," ती म्हणाली. मग पाव खाली ठेवून मालकांकडे वळली. "डावा कान चांगला आहे माझा. त्याच्यावर काम होईल. फक्त तो आता चांगला राहू दे."

मालक होय म्हणाले, पण ती तोवर ताईकडे वळली होती. उत्तर तिला तिकडून हवं होतं. ताईने ट्रे आपल्या टेबलावर ओढून घेतला आणि मान हलवली. खोलीची एक किल्ली तिने सकाळीच पर्समध्ये वेगळी काढून ठेवली होती. ती तिने पावाशेजारी ठेवली. कोणीतरी यंत्र चालू केलं, घरघर सुरू झाली आणि भावजयीने किल्ली उचलताना तिला आपल्या डाव्या बाजूला येऊन उभं राहायची खूण केली, म्हणजे ताई काय म्हणते ते ऐकू येईल.